भारतात एट्रियल फिब्रिलेशनचे रुग्ण खरोखर कमी आहेत का, आणि तालुक्यात ते मोजायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपीय मार्गदर्शिकांत प्रौढांमधले एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात आणि ठोके बेताल होतात, त्या आजाराचे), म्हणजे एएफचे, प्रमाण दोन ते चार टक्के दिलेले असते. भारतातले आकडे मात्र ०.१ टक्क्यापासून ५ टक्क्यांपर्यंत कुठेही सापडतात. यातला खरा कोणता धरायचा, आणि एखाद्या तालुक्यात आपणच मोजणी करायची ठरवली तर ती कशी करावी?

आधी सरळ उत्तर. भारताचा एएफचा एकच दर काढण्याचा आग्रह सोडावा. आपल्याकडे या नावाखाली दोन वेगळे आजार नांदतात. पहिला लहानपणीच्या घसादुखीतून आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाचा. त्यात मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकसते, डावे अलिंद (वरचा डावा कप्पा) फुगते आणि तिशी-चाळिशीतच ठोके बिघडतात. रुग्ण बहुधा स्त्री असते. दुसरा उतारवयातला, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार आणि वाढलेले वय यांतून येणारा. ईसीजीच्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पण वय वेगळे, पक्षाघाताचा धोका वेगळा, औषध वेगळे आणि प्रतिबंधाची जागाही वेगळी. या दोघांची बेरीज करून काढलेली टक्केवारी कुणाच्याच कामाची नसते.

धोक्यातला फरक केवढा आहे तो पाहा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम पाहणीत झडपेच्या आजाराशिवाय एएफ असलेल्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट निघाला, तर ऱ्हुमॅटिक झडप असलेल्यांत सुमारे सतरापट. ही तुलना १९७८ सालची असली तरी कारण बदललेले नाही. आकसलेल्या झडपेमागे रक्त साचून राहते आणि त्यात अलिंदाचे आकुंचनही थांबले, की डाव्या अलिंदाच्या कानासारख्या पिशवीत गुठळी धरायला वेळ लागत नाही.

आता प्रसिद्ध आकड्यांकडे येऊ. १९९५ मध्ये हिमालयातल्या एका आदिवासी गावातल्या ९८४ जणांच्या ईसीजी पाहणीत एएफचे प्रमाण ०.१ टक्का निघाले. याचा अर्थ एकच रुग्ण. एका रुग्णावर उभ्या असलेल्या दराची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा दर ज्यात असू शकतो तो पल्ला, जवळजवळ शून्यापासून सुमारे ०.६ टक्क्यापर्यंत पसरते. त्यातून एवढेच म्हणता येते की त्या दिवशी, त्या गावात, दहा सेकंदांच्या पट्टीवर एएफ क्वचित होते. दुसऱ्या टोकाला गुजरातच्या आणंद जिल्ह्यातली पाहणी आहे. तिथे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मोबाइलला जोडलेल्या एकलीड (एकाच दिशेने नोंद घेणाऱ्या) ईसीजीने ३५४ जण तपासले आणि प्रमाण ५.१ टक्के आले. म्हणजे १८ जण. विश्वासमर्यादा ढोबळमानाने ३ ते ८ टक्के. त्याच जिल्ह्यात नंतर पन्नास गावांतल्या चाळिशीपुढच्या दोन हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तेव्हा आकडा १.६ टक्क्यांवर आला. दोन-तीन वर्षांत आजार तिपटीने ओसरला, असे कुणी म्हणणार नाही. नमुना मोठा झाला, गावे पसरली आणि योगायोगाचा वाटा घटला. ग्रामीण भारतासाठी हाताशी धरायला आणंदचा हा दुसरा आकडा मला अधिक भरवशाचा वाटतो. पण तो चाळिशीपुढच्यांचा आहे आणि ऱ्हुमॅटिक एएफचा बराचसा भार चाळिशीच्या आतच असतो, हे विसरू नये.

मग पाश्चात्त्य देशांशी तुलना केली की आपण कमी का भरतो? पहिले कारण वयाचे. समजा, दोन देशांत वयोगटानुसार दर अगदी सारखे आहेत: साठीच्या आत ०.३ टक्के आणि साठीपुढे ५ टक्के. एका देशात प्रौढांपैकी १४ टक्के लोक साठीपुढचे आहेत, दुसऱ्यात ३५ टक्के. पहिल्याचा एकूण दर येतो ०.९६ टक्के, दुसऱ्याचा १.९५. आजाराची खोड तीच, तरी आकडा दुप्पट! म्हणून वयप्रमाणित न केलेले, म्हणजे वयोरचनेतला फरक न काढलेले, दर शेजारी शेजारी मांडणे चूक आहे. हे देशांतर्गतही लागू पडते. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, केरळमध्ये १२.६ आणि महाराष्ट्रात ९.९. कोल्लम आणि नंदुरबार यांची कच्च्या दरावर तुलना केली तर तुम्ही बहुतांशी माणसांचे वयच मोजत बसाल.

पण सगळे वयावर ढकलूनही चालत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये पन्नाशीपुढच्या भारतीय उपखंडीय वंशाच्या रुग्णांत १९९८ च्या पाहणीत एएफ ०.६ टक्के निघाले, तर त्याच भागातल्या सर्वसाधारण लोकसंख्येत २.४ टक्के. आपल्या लोकांत मधुमेह जास्त आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजारही जास्त, तरी एएफ कमी. याचे एक स्पष्टीकरण डाव्या अलिंदाच्या सरासरीने लहान आकाराचे दिले जाते. ते पटण्यासारखे आहे. अलिंद जितके मोठे, तितक्या फिरत्या लहरींना जागा जास्त. तेव्हा आपल्याकडे उतारवयातला एएफ खरोखरच थोडा कमी असू शकतो. मात्र हे वयप्रमाणित करून सिद्ध करायचे, गृहीत धरायचे नाही.

दुसरे कारण न सापडण्याचे. एएफ सुरुवातीला येतो-जातो. दहा सेकंदांच्या एकाच ईसीजीत तो सापडला नाही म्हणजे नाही, असे ठरत नाही. शिवाय छातीत धडधडते, जिना चढताना दम लागतो, या तक्रारी गावात अशक्तपणाच्या किंवा वयाच्या खाती जातात. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्तच होते. पंडुरोगाची गोळी मिळते, नाडी कुणी मोजत नाही.

तिसरे कारण जगण्याचे, आणि ते सांगायला जड जाते. व्याप्ती म्हणजे एका दिवशी हयात असलेले रुग्ण. आजार होऊन लवकर मृत्यू आला, तर व्याप्ती कमीच दिसणार. ४७ देशांतल्या आपत्कालीन विभागांत एएफसह आलेल्या १५,४०० रुग्णांच्या आरई-एलवाय नोंदवहीत वर्षभरात ११ टक्के रुग्ण दगावले. उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलिया मिळून हे प्रमाण १० टक्के होते, आफ्रिकेत २० टक्के. ज्या समाजात रुग्ण टिकत नाहीत तिथला कमी दर ही चांगली बातमी नसते.

त्याच नोंदवहीतली एक ओळ मला नेहमी खटकते. वर्षभरातल्या पक्षाघाताचे प्रमाण आफ्रिकेत ८ टक्के, चीनमध्ये ७ टक्के आणि भारतात १ टक्क्याहून कमी: २,५३६ पैकी २०. भारतीय रुग्ण सरासरीने दहा-बारा वर्षे तरुण होते, हा यातला एक खरा भाग. पण त्याच भारतीय गटात रक्त पातळ ठेवण्याचे नियंत्रण जगात सर्वांत खालच्या पातळीवर होते. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) योग्य पट्ट्यात राहण्याचा काळ जेमतेम ३२ टक्के, पश्चिम युरोपात ६२. इतक्या ढिल्या उपचारावर पक्षाघात सर्वांत कमी, हे गणित बसत नाही. घरी आलेला मृत्यू, सीटी न झालेला झटका, फोन न लागलेला रुग्ण, हे सगळे शून्याच्या रकान्यात जाऊन बसले असण्याची शक्यता अभ्यास वाचणाऱ्याने धरायलाच हवी. आपल्या मोजणीत हीच चूक होऊ नये म्हणून काय करायचे, ते शेवटी सांगतो.

रुग्णालयांच्या नोंदवह्या वाचताना आणखी एक सावधगिरी. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या नोंदवहीत २०११-१२ मध्ये २४ केंद्रांतून १,५३७ रुग्ण घेतले. सरासरी वय सुमारे ५५ आणि ऱ्हुमॅटिक झडपेचे रुग्ण ४७.६ टक्के. आरई-एलवायच्या भारतीय गटात ऱ्हुमॅटिक ३१.५ टक्के, तर उत्तर अमेरिकेत २.२. केरळच्या नोंदवहीत ३,४०० हून अधिक रुग्णांचे सरासरी वय ६१ च्या आसपास. हे फरक देशाचे चित्र दाखवतात आणि केंद्रांची निवडही दाखवतात. झडपेची शस्त्रक्रिया किंवा फुग्याने झडप उघडण्याचे काम जिथे होते, तिथे ऱ्हुमॅटिक रुग्ण गोळा होणारच. गावातला सत्तरीचा म्हातारा तिथवर पोचत नाही. म्हणून ‘भारतातला निम्मा एएफ ऱ्हुमॅटिक आहे’ हे विधान मोठ्या रुग्णालयांपुरते खरे, समाजापुरते नाही. ‘सरासरी वय ५५’ यालाही तसा अर्थ नाही. तरुण आणि वृद्ध अशा दोन टेकड्यांच्या मधली ती दरी असू शकते. सरासरी देऊ नका, वयाचा आलेख काढा आणि ऱ्हुमॅटिक व इतर यांच्या दोन वेगळ्या रेषा दाखवा.

आता मोजणी.

नमुना किती? अपेक्षित दर १.५ टक्के आणि चूक अर्ध्या टक्क्याच्या आत हवी असेल, तर साध्या नमुन्यात सुमारे २,२७० माणसे लागतात. पण तुम्ही घरोघर विखुरलेली माणसे उचलणार नाही, गावे उचलणार. एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून दीडपट करा: ३,४०५. पंधरा टक्के लोक भेटणार नाहीत किंवा नको म्हणतील, ते धरून सुमारे ४,०००. कमी गावांतून जास्त माणसे घेण्यापेक्षा जास्त गावांतून थोडी घेणे चांगले; पन्नास गावांतून ऐंशी-ऐंशी ही ठेवण बरी पडते. प्रत्येक गावात वयोगटानुसार कोटा ठेवा आणि सत्तरीपुढचे मुद्दाम जास्त घ्या. नंतर जनगणनेच्या प्रमाणात वजन देता येते. तसे केले नाही, तर सत्तरीपुढचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतील आणि नेमका तोच गट हातातून जाईल.

कधी? बीड, अहिल्यानगर, जालना या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात त्या उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्या काळात पाहणी केली तर घरी म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले भेटतील. तरुण-मध्यमवयीन कष्टकरी बाया, म्हणजे ज्यांच्यात ऱ्हुमॅटिक झडप शोधायची, त्याच गायब असतील. अशा तालुक्यात मे-जून धरावा. इतरत्रही दुपारी बारा ते चार घर रिकामेच. सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला जा, आणि कुलूप दिसले की किमान तीन वेळा परत जा. न भेटलेल्यांचे वय आणि लिंग मतदार यादीवरून किंवा आशा सेविकेच्या नोंदवहीतून लिहून ठेवा. ते लिहिले नाही, तर पुढे पूर्वग्रह किती झाला ते सांगताच येत नाही.

पहिली पायरी नाडीची. मनगटाची नाडी पूर्ण साठ सेकंद मोजायची. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय इथे घातक आहे, कारण अनियमितपणा ओळखायला वेळ लागतो. एएफची नाडी कुठल्याच तालात बसत नाही, तिच्या अनियमिततेतही नियम नसतो. चार ठोके नीट आणि पाचवा चुकलेला, असा ठराविक क्रम असेल तर ती बहुधा एक्टोपिक (मध्येच आलेल्या जादा ठोक्यांची) असते. शंका आली तर पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजा. शक्य असेल तिथे एकाने स्टेथोस्कोपने छातीवरचे ठोके आणि दुसऱ्याने त्याच मिनिटात मनगटाची नाडी मोजावी. दोन्हींत दहाहून अधिक तूट निघाली तर संशय बळावतो.

नाडीवर थांबायचे मात्र नाही. आढाव्यांत नाडीपरीक्षेची संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याची क्षमता) सुमारे ९४ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना वगळण्याची क्षमता) ७२ टक्क्यांच्या घरात दिलेली आहे. ४,००० माणसांत खरे एएफ ६० धरले, तर नाडीवरून ५६ पकडले जातील, आणि ज्यांना एएफ नाही असे सुमारे १,१०० जणही संशयित ठरतील. म्हणजे दर वीस संशयितांत एकच खरा. ‘नाडी अनियमित’ एवढ्यावर व्याप्ती जाहीर करणारे अहवाल म्हणूनच फुगलेले असतात. नाडी ही चाळणी, निदान ईसीजीचेच. बारा लीडचा ईसीजी, किंवा किमान ३० सेकंदांची एकलीड पट्टी, ज्यात पी लहरी (अलिंदाच्या आकुंचनाच्या खुणा) दिसत नाहीत आणि आरआर अंतरे (एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतची) बेताल आहेत, तिलाच एएफ म्हणायचे.

ईसीजीची शिस्त अशी. वेग २५ मिलिमीटर प्रति सेकंद, उंची १० मिलिमीटर प्रति मिलिव्होल्ट, आणि शेवटी लीड दोनची लांब पट्टी. व्ही-वन ही छातीवरची पहिली लीड नीट पाहा, फिब्रिलेशनच्या बारीक लहरी तिथे सर्वांत स्पष्ट दिसतात. यंत्राने छापलेल्या निदानावर विसंबू नका. थंडीतली थरथर, कंपवात, सैल इलेक्ट्रोड, शेजारच्या मोटारपंपाच्या तारेतून येणारी वीज, यांपैकी कशानेही पी लहर झाकली जाते आणि यंत्र एएफ छापून मोकळे होते. हातात धरायचे एकलीड यंत्र वापरत असाल, तर शेतकऱ्यांच्या घट्टे पडलेल्या कोरड्या बोटांवर पट्टी उठत नाही. बोटे ओल्या फडक्याने पुसा किंवा जेल लावा, हात मांडीवर टेकवून घ्या आणि बोलू देऊ नका. चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या बायांत अलिंदाच्या अनेक जागांहून ठोके निघणारी जलद लय दिसते. तीही बेताल असते, पण तिच्यात तीन वेगवेगळ्या आकारांच्या पी लहरी सापडतात. उलट चूकही होते: एएफ असूनही ठोके अगदी नियमित आणि संथ असतील, तर पूर्ण हार्टब्लॉक (वरच्या कप्प्यांचा संदेश खाली न पोचणे) आहे, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध चालू असेल तर त्याची विषबाधा, असा संशय घ्या आणि त्याच दिवशी पुढे पाठवा. प्रत्येक पट्टी दोघांनी एकमेकांचे मत न पाहता वाचावी, मतभेद झाला तर तिसऱ्याने.

एएफ ठरला की प्रत्येकाचे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झालेच पाहिजे. मोजणीतले दोन आजार इथे वेगळे होतात. इकोत मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे आकसलेली मायट्रल झडप, आहे का, याचे उत्तर हो-नाही असे लिहा. रक्तदाब मोजताना स्वयंचलित यंत्राचे एक वाचन धरू नका. एएफमध्ये प्रत्येक ठोक्याला दाब बदलतो, म्हणून तीन वाचनांची सरासरी घ्या.

चाळिशीच्या आतल्यांचे काय? या वयात दर इतका कमी असतो की घरोघरच्या पाहणीत खर्च होतो आणि हाती दोन-चार रुग्ण लागतात. त्यांच्यासाठी वेगळी वाट बरी: दोन याद्या जुळवण्याची. समजा, जिल्ह्यातल्या इको विभागाच्या यादीत तालुक्याचे ८० ऱ्हुमॅटिक एएफ रुग्ण आहेत, आयएनआर करणाऱ्या प्रयोगशाळांच्या यादीत ६०, आणि दोन्हींत मिळून २४ नावे समान. तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून ६१ गुणिले ८१, भागिले २५, वजा एक: अंदाजे १९७ रुग्ण. दोन्ही याद्यांत मिळून वेगळी नावे ११६. म्हणजे ८१ जण कुठल्याच यादीत नाहीत. हा अंदाजही कमीच निघतो, कारण जो इकोपर्यंत पोचला तो आयएनआरपर्यंतही पोचण्याची शक्यता जास्त. दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. नावे जुळवताना लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव, माहेरचा आणि सासरचा पत्ता, यांमुळे एकच बाई दोनदा मोजली जाते. वय, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि मोबाइल क्रमांक असे किमान तीन रकाने जुळवा. ही यादी गोपनीय आहे. काम झाले की नावे काढून सांकेतिक क्रमांक ठेवा.

त्याही आधीचा टप्पा शाळेचा. हरियाणातल्या बल्लभगढला ६,२७० शाळकरी मुलांच्या पाहणीत स्टेथोस्कोपने ऱ्हुमॅटिक हृदयविकार हजारी ०.८ सापडला आणि इकोने हजारी २०.४. यातल्या सगळ्या मुलांची झडप पुढे बिघडत नाही, तरी वीस वर्षांनंतरच्या एएफची रांग इथूनच सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आधीपासूनच आहे. तालुक्याच्या पथकाकडून संदर्भित मुलांची यादी मागून घ्या.

मोजणी करायची आणि सापडलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचे, हे चालणार नाही. उपचाराची सोय आधी, पाहणी नंतर. मध्यम ते तीव्र मायट्रल स्टेनोसिस किंवा धातूची कृत्रिम झडप असेल, तर पक्षाघाताचा धोका ठरवणारे सीएचए-टू-डीएस-टू-व्हॅस्क गुण मोजत बसू नका. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल, या रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्यांपैकी एक सुरू व्हायलाच हवी. स्टेनोसिससाठी आयएनआर २ ते ३. धातूच्या झडपेचा पट्टा झडपेच्या प्रकारावर आणि जागेवर ठरतो. ‘नव्या गोळीला आयएनआर लागत नाही, तीच देऊ’ हा मोह ग्रामीण भागात फार होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत २४ देशांतले साडेचार हजार ऱ्हुमॅटिक एएफ रुग्ण होते, सरासरी वय ५०.५ आणि ७२ टक्के स्त्रिया. रिव्हारोक्सबॅन ही नवी गोळी घेणाऱ्या २,२७५ पैकी ५६० जणांत पक्षाघात, गुठळी, हृदयघात किंवा मृत्यू झाला. जुन्या गोळ्या घेणाऱ्या २,२५६ पैकी ४४६ जणांत. मृत्यूही नव्या गोळीवर जास्त. तेव्हा ऱ्हुमॅटिक रुग्णाला जुनी गोळीच, आणि तिच्यासाठी आयएनआरची सोय तालुक्यात आणणे हे आपले काम. उतारवयातल्या एएफला मात्र नव्या गोळ्या योग्य आहेत. डॅबिगॅट्रान २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आले. गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन करून मूत्रपिंडाच्या ताकदीनुसार मात्रा ठरवा. एएफसाठी नुसती अ‍ॅस्पिरिन देऊ नका. पक्षाघात फारसा टळत नाही, रक्तस्राव मात्र होतो.

आयएनआर चुकीचा येण्याची साधी कारणे नळीत असतात. निळ्या टोपणाच्या नळीत एक भाग सायट्रेट आणि नऊ भाग रक्त लागते. नळी अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होते, आयएनआर खोटा वाढतो, मात्रा कमी केली जाते, आणि महिन्याने रुग्ण पक्षाघात घेऊन येतो. खुणेपर्यंत भरा, तीन-चार वेळा हळू उलटी-सुलटी करा, हलवू नका. क्षयरोगाची रिफॅम्पिसिन सुरू झाली की आयएनआर कोसळतो आणि ती थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत उसळतो; क्षयरोग विभागाच्या यादीशी आपली यादी दर महिन्याला जुळवा. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमोक्साझोल आणि फ्लुकोनाझोल यांनी आयएनआर वाढतो. गुडघेदुखीवरचे डायक्लोफेनॅक पोटातून रक्तस्राव करवते. पालेभाजी बंद करायला सांगू नका. रोज साधारण तेवढीच खा, म्हणजे मात्रा तिच्याप्रमाणे बसते. अ‍ॅसेनोकुमारॉलची मात्रा वॉर्फरिनच्या ढोबळमानाने निम्मी असते. दुकानातून एकाऐवजी दुसरी गोळी त्याच मिलिग्रॅममध्ये गेली तर धोका होतो, म्हणून रुग्णाच्या कार्डावर औषधाचे मूळ नाव मराठीत लिहा.

मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक ऱ्हुमॅटिक रुग्णेला पाळी चुकताच कळवायला सांगा. वॉर्फरिन गर्भाला सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सर्वांत घातक असते, आणि पर्याय हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचा असतो. ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनची १२ लाख युनिटची सुई दर २१ दिवसांनी, २७ किलोच्या आतल्या मुलांना ६ लाख. झडप फुग्याने उघडण्याजोगी आहे का, हे मत इकोच्या वेळीच लिहून घ्यावे.

पाठपुराव्यासाठी तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या भेटी ठेवा. ‘संपर्क नाही’ या शेऱ्यावर फाइल बंद करू नका. आशा सेविकेला घरी पाठवा. मृत्यू झाला असेल तर तोंड वाकडे झाले होते का, हात-पाय लुळा पडला होता का, बोलणे अडखळले होते का, पाय सुजून आडवे झोपता येत नव्हते का, हे घरच्यांना प्रश्नावली धरून विचारा. आरई-एलवायमध्ये मृत्यूंपैकी ३० टक्के हृदय निकामी झाल्याने आणि ८ टक्के पक्षाघाताने झाले होते. तुमच्या तालुक्यातही हे प्रमाण असेच निघाले, तर वेग आवरणारी बीटाब्लॉकर आणि सूज उतरवणारी फ्युरोसेमाइड प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने आहे का, याची तपासणी आयएनआरइतकीच तातडीची ठरेल. ज्यांचा पत्ता लागलाच नाही, त्यांची संख्या अहवालाच्या पहिल्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात द्या, आणि ते सगळे जिवंत आहेत असे धरून एकदा, सगळे दगावले असे धरून एकदा, असे दोन दर छापा.